मनकर्णाचा कागद

(नागपूरच्या धंतोलीतला एक दवाखाना, १९७४. सकाळ.)

डॉक्टर : बसा नत्थूजी. पहाटे मनकर्णाबाई गेल्या तेव्हापासून उभेच आहात तुम्ही.

नत्थूजी : साळा उमरेडहून गाडी घेऊन येऊन राहिला. थोरल्या पोरीले अजून सांगतलं नाही. माय कायनं गेली म्हनन, तं काय सांगू?

डॉक्टर : मेंदूचा ताप. त्यांच्या पाठीतून पाणी काढून तपासलं होतं ना, त्यात पू नव्हता, टीबीही दिसला नाही. हा व्हायरस. डोळ्यानं न दिसणारा जंतू, मेंदूत शिरलेला.

नत्थूजी : औषध देलं न तुमी?

डॉक्टर : झटके थांबवायचं दिलं, मेंदूची सूज उतरवायचं दिलं. त्या जंतूलाच मारेल असं औषध आपल्याकडे नाही.

नत्थूजी : म्हणजे ते पागल नव्हती.

डॉक्टर : नव्हत्या.

नत्थूजी : हातमागावर बसून होती, अन् म्हणे, काहीतरी जळून राहिलं. काहीच जळत नव्हतं. मंग मलेच बाबा म्हणाले लागली. लुगडं फाडे. मी खाटेले बांधलं साहेब तिले. चार दिवस.

डॉक्टर : जळका वास येणं, माणसं न ओळखणं, सगळं त्या तापामुळंच.

नत्थूजी : आंग गरम लागे. मले वाटलं, ओरडून ओरडून झालं असन.

डॉक्टर : पाणी घेता थोडं?

नत्थूजी : नाही. चार दिवस आधी आणली असती तं?

डॉक्टर : खरं सांगतो, मला माहीत नाही. झटके लवकर आवरता आले असते. वाचल्या असत्या, असं नाही म्हणता येत.

नत्थूजी : हं.

डॉक्टर : आणखी काही विचारायचंय?

नत्थूजी : एक काम होतं. थोरलीची सोयरीक जुळून राहिली. पाहुणे म्हणते, माय पागल, तं पोरगीबी तशीच निघन. तुमी कागदावर लिहून द्या.

डॉक्टर : आत्ता देतो... हं, घ्या. खाली सही, शिक्का आहे.

नत्थूजी : मले वाचता नाही येत.

डॉक्टर : 'मनकर्णा नत्थूजी हेडाऊ यांचा मृत्यू मेंदूच्या तापानं झाला. त्यांना वेड नव्हतं. हा आजार आईकडून मुलांत उतरत नाही.'

नत्थूजी : एक डाव हळू वाचा. पाहुण्यायले दाखवाच्या आधी पोरीले मलेच सांगा लागन.