कानाचं मशीन आणि पाच टक्के

...आणि वर जावई मला म्हणतात, मामा, थांबा. अहो, थांबा म्हणजे किती थांबा? तुम्हाला सांगतो, मी तसा बोलणारा माणूस नाही. जन्मभर एका मोठ्या ऑफिसात लिफ्ट चालवली, स्टुलावर बसून, आणि बोलायचं ते एवढंच, ‘कितवा मजला?’ समोरचा म्हणणार सहावा, की मी बटण दाबणार, संपलं आमचं संभाषण. त्यात शिक्षण बेताचं, म्हणून ज्यातलं कळत नाही त्यात तोंड घालायचं नाही ही सवय. पण माझ्या बायकोच्या कानाच्या बाबतीत जे झालं ना, ते ऐकून तुमचीही वाचा बसेल... माझी बसली होती, आत्ता कुठे सुटलीये, तर ऐकाच.

बायकोला ऐकू येईनासं होऊन तीन वर्षं झाली. एकदम नाही हो, हळूहळू. आधी दाराची बेल गेली, मग फोनची घंटी, मग मी. मी पहिल्यापासूनच हळू बोलणारा, त्यामुळे मी नेमका कधी बंद पडलो हे तिलाही कळलं नाही आणि मलाही. एक दिवस लक्षात आलं की बायको आपल्याशी भांडत नाही. तुम्ही हसाल, पण हे भयंकर असतं! मी काहीही बोललो की ती मान डोलावते. भाजी करपलीये म्हटलं, मान डोलावली. मी पायरीवरून पडलो म्हटलं, मान डोलावली आणि वर हसली. लेकीकडे सगळे जमलो की कुणी गंमत सांगतं, सगळे हसतात, ही आधी आमच्या तोंडाकडे बघते आणि मग हसते. सगळ्यांच्या मागून, एकटी. मला ते बघवेना.

म्हणून साठवलेले पैसे घेतले आणि गेलो कानाच्या मशीनच्या दुकानात. बरोबर जावईबापू. माणूस सोन्यासारखा, खोटं कशाला बोलू, वरच्याच मजल्यावर राहतात, शाळेत गणित शिकवतात, आम्हाला मामा-मामी म्हणून जीव लावतात. तिथल्या तपासणाऱ्या मुलीने बायकोच्या कानात ते शेंगदाण्याएवढं मशीन बसवलं आणि मला म्हणाली, आजोबा, काहीतरी बोला, नेहमीसारखं, हळू. आता तीन वर्षांचं साठलेलं काय थोडं होतं? पण ऐन वेळी एक आठवेल तर शपथ! तोंडातून निघालं काय, तर, ‘कितवा मजला?’

आणि बायको, जिला तीन वर्षांत माझं एक अक्षर ऐकू गेलं नव्हतं, ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, समोर भिंतीकडे तोंड करून बसली होती, ती म्हणाली, ‘तुम्ही न्याल तो.’

मी काय करणार? डोळे पुसले आणि खिशातून नोटांचं पुडकं काढलं. तर जावईबापूंनी माझा हात असा धरला, असा धरला, जणू मी नोटा गटारात टाकायला निघालोय. ‘मामा, रोख? रोख दिल्यावर काय परत येतं?’ मी म्हटलं, मशीन येतं की. तर म्हणाले, तसं नाही, कार्डाने घ्यायचं, कार्डाने घेतलं की पैसे परत येतात.

पैसे परत येतात! तुम्हाला सांगतो, लिफ्टने वर गेलेला माणूस संध्याकाळी खाली येतो हे मी रोज बघितलेलं आहे, पण गेलेला पैसा खाली आलेला मी उभ्या जन्मात बघितला नव्हता. मी विचारलं, कोण देतं परत? तर बँक. कशासाठी? तर आपण खर्च करावा म्हणून. अहो, पण आपण करतोच आहोत की खर्च! तर म्हणाले, मामा, त्यात शास्त्र आहे.

शास्त्र म्हणजे कसलं, बघा. त्यांच्याकडे कार्डं चार. प्रत्येकावर रंगीत टिकली चिकटवलेली. लाल टिकली पेट्रोलला, हिरवी भाजी-किराण्याला, निळी हॉटेलला आणि पिवळीचं तर दर तीन महिन्यांनी बदलतं... या तिमाहीत एका गोष्टीवर पाच टक्के परत, पुढच्या तिमाहीत दुसऱ्याच. माझी लेक साधी कोथिंबीर आणायला निघाली तरी हे दारातून विचारतात, कुठली टिकली? एकदा बिचारीने निळीने कांदे घेतले तर जेवताना एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, शाळेत कुणी गेलं की काय.

तर तिथे दुकानात त्यांनी पिवळीचं गणित मांडलं. एक तारखेला नवी तिमाही, त्यात औषधं आणि दवाखाना यांवर पाच टक्के. कानाचं मशीन म्हणजे दवाखाना. तेव्हा आज घ्यायचं नाही. पाच टक्क्यांत मशीनला लागणारे वर्षभराचे सेल निघतील, मामा, पैसे परत येतात! असं म्हणाले आणि त्या मुलीला खूण केली. आणि त्या मुलीने, तुम्हाला सांगतो, माझ्या बायकोच्या कानातून ते मशीन काढलं. नुकतं कुठे बसवलेलं. काढलं, पुसलं, डबीत ठेवलं, डबी कपाटात ठेवली, कपाटाला किल्ली लावली. बायको एकदा कपाटाकडे बघतेय, एकदा माझ्याकडे. मी तिला हाताने खूण केली, नंतर. तिने मान डोलावली.

तुम्ही म्हणाल, तू तिथेच का नाही बोललास? अहो, जावई आहेत! आणि दुसरं म्हणजे, लपवत नाही, मलाही मोह झाला. वर्षभराचे सेल फुकट म्हणजे काय चेष्टा आहे?

आता हे तिला सांगायचं कसं? घरी आल्यावर मी ओरडून सांगायला लागलो. ‘एक तारखेपासून! पाच टक्के! पैसे परत येतात!’ तिला काही कळलं नाही, पण जिन्यातल्या सगळ्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी खालचा वॉचमन टोपी काढून दारात उभा. काका, ऐकलं की तुम्ही पाच टक्क्यांनी पैसे देता, मला थोडे हवे होते, एक तारखेला परत करतो. समोरच्या बाई तर आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, सावकाराशी कोण बोलणार? मी ओरडायचं बंद केलं. आणि मला सांगा, काही गोष्टी ओरडून सांगता येतात का? पाणी तापलंय हे ओरडता येतं. तू हसलीस तेव्हा बरं वाटलं, हे कसं ओरडायचं?

आणि बायकोने काय केलं असेल? ऐकू येतंय असं दाखवायला लागली. लेकीला म्हणाली, मला कशाला ते मशीन, मला येतं ऐकू. लेकीने विचारलं, चहा टाकू का? ही म्हणाली, हो, कालच आला. मी मागे उभा राहून बघत होतो. एक तारीख कधी येतेय असं झालं होतं मला... पगाराचीसुद्धा इतकी वाट बघितली नव्हती.

तर आली एकदाची एक तारीख. दुकान उघडायच्या आधी आम्ही पायरीवर. जावईबापूंनी पिवळ्या टिकलीचं कार्ड शर्टाच्या बाहीला पुसून काढलं आणि असं घासलं, असं घासलं की ती मुलगी म्हणाली, सर, नुसतं टेकवलं तरी चालतं. पावती घडी करून पाकिटात. नोटांचं पुडकं मी जावईबापूंच्या हातात दिलं, ते बँकेचं बिल भरणार, बँक पाच टक्के परत देणार, सगळं शास्त्राप्रमाणे.

आणि बायको घरी आली! काय सांगू, दारातच थांबली. म्हणाली, हा कसला आवाज? मी म्हटलं, नळ. म्हणाली, कधीपासून गळतोय? मी म्हटलं, असतील दोन-अडीच वर्षं. आणि मग जी सुरू झाली! दोन वर्षं नळ गळतोय आणि तुम्हाला सुतळीसुद्धा बांधावीशी वाटली नाही, आणि चपला काय फरफटत चालता, आणि चहा पिताना हा काय आवाज, आधीपासून असाच पिता की माझा कान गेल्यावर सवलत घेतलीत... तीन वर्षांची बाकी एका दुपारी चुकती केली. मी खुर्चीत बसून ऐकत होतो. इतकं सुख मला आयुष्यात क्वचित झालंय.

इथे गोष्ट संपायला हवी होती की नाही? पण नाही ना! पैसे परत यायचे होते.

महिना संपता संपता जावईबापू खाली आले. चेहरा असा की मी आधी खुर्ची सरकवली आणि मग पाणी दिलं. झालं काय होतं, ते दुकान आपल्याला दिसतं कानाच्या मशीनचं, पण बँकेच्या लेखी ते विजेच्या वस्तूंचं. म्हणजे पंखा, इस्त्री, दिवा आणि माझ्या बायकोचा कान, सगळं एकच! दवाखान्याचे पाच टक्के नाहीत. मिळाला एक टक्का. मी म्हटलं, असू दे हो, एक तर एक. तर ते खाली बघत म्हणाले, मामा, खरं दुःख पुढेच आहे. मागच्या तिमाहीत, म्हणजे आपण पहिल्यांदा गेलो तेव्हा, पिवळीवर पाच टक्के कशावर होते? विजेच्या वस्तूंवर.

म्हणजे त्याच दिवशी घेतलं असतं, मशीन कानातून काढलंच नसतं, तर पैसे परत आले असते. आम्ही थांबलो, म्हणून गेले!

पण ते शिक्षक, असे हरतात का? म्हणाले, ‘मामा, मार्ग आहे. दुकानवाले महिन्याच्या आत मशीन परत घेतात. आपण देऊन टाकू, आणि विजेची पाळी पुन्हा आली की पाच टक्क्यांनी घेऊ.’

आणि आम्ही हे सगळं बोलत कुठे होतो? तर बायकोपासून दोन हातांवर. ती टेबलापाशी बसून शेंगा सोलत होती. अहो, तीन वर्षांची सवय, तिच्यासमोर काहीही बोलायची! आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही की ज्या मशीनबद्दल बोलतोय ते तिच्या कानात आहे.

शेंगा सोलायच्या थांबल्या. तिने मला विचारलं, ‘म्हणजे त्या दिवशी मशीन काढलं ते यासाठी?’

मी मान डोलावली.

‘मला वाटलं, या वयात हिच्यावर एवढा खर्च कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल.’ रागाने नाही म्हणाली. हळू म्हणाली, माझ्यासारखी.

तुम्हाला सांगतो, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडते ना, दिवा जातो, आणि आतल्या माणसांना काही म्हणजे काही सांगता येत नाही... तसा मी बसून राहिलो. इतके दिवस ही मान डोलावत होती आणि तिच्या मनात हे होतं. आणि मी टक्के मोजत होतो.

जावईबापूंना ती म्हणाली, ‘किती परत आले असते हो सगळे मिळून?’ त्यांनी आकडा सांगितला, गणिताचा माणूस असून अगदी पुटपुटत. पण तिला ऐकू गेला. ती उठली, आत गेली, साखरेच्या मागच्या डब्यातून पैसे आणले, मोजले आणि त्यांच्या हातावर ठेवले.

‘घ्या. आले परत. आता कानाला हात लावू नका.’

ते नको नको म्हणत होते, कान लाल झाले होते, पण सासूसमोर चालतंय काय? घ्यावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाना घेऊन आले, आमचा नळ दुरुस्त केला, आणि जाताना मामींच्या पाया पडले. मीही तिला म्हटलं, चुकलं माझं. हळूच म्हटलं, नेहमीच्या आवाजात, आणि तिला ऐकू गेलं. बघा, त्याचसाठी मशीन हवं होतं.

तर तुम्हाला वाटेल, आता तरी ती टिकल्यांची भानगड घरातून गेली. मलाही वाटलं होतं. पण त्या घटनेनंतर जावईबापूंना सासूबाईंबद्दल इतका आदर निर्माण झाला की रोज संध्याकाळी शेजारी बसून त्यांना कार्डांचं शास्त्र समजावायला लागले, आणि तिला सगळं ऐकू येतं हो! पंधरा दिवसांत ती त्यांच्या चुका काढायला लागली. आता दारातून तीच विचारते, कुठली टिकली नेताय? परवा मी निळीने बटाटे आणले तर जेवताना बोलली नाही.

आणि काल... काल मी जरा मोकळेपणाने तीन वर्षांचं साठलेलं सांगायला बसलो. फार नाही, दुपारी सुरू केलं ते दिवे लागेपर्यंत. तर तिने मध्येच कानातून मशीन काढलं, पुसलं, डबीत ठेवलं. मी खुणेने विचारलं, काय झालं? म्हणाली, सेल संपत आलेत, जपून वापरायला हवेत. मी खुणेनेच म्हटलं, मग आत्ता आणतो की खालून! तर म्हणाली, छे, आत्ता कसले, एक तारखेपासून सेलवर पाच टक्के आहेत.

‘उरलेलं पुढच्या तिमाहीत सांगा.’

म्हणून तर तुम्हाला सांगतोय.