स्नेहलची लॅपटॉपची चाळ

नाही सर, हा लॅपटॉप घेतील की अंबडला, घेणार नाहीत असं कुठं म्हणतेय मी – स्क्रीन फुटलेली चालते, कीबोर्ड गेलेला चालतो, बिजागरी तुटलेलीसुद्धा चालते, तिथं कोण बसणार आहे त्याच्यासमोर झाकण उघडून – फक्त आतलं डोकं शाबूत पाहिजे. बसा ना, उभे का. तो स्टूल ओढा. द्वारका चौकातला हा गाड्यांचा आवाज असाच राहतो दिवसभर, मीच जरा मोठ्यानं बोलते. दाखवा बघू तो मेसेज परत. ‘लॅपटॉप आणण्याआधी द्वारकेला माजिदाकडून तपासून, बॅटरी काढून आणावा.’ आणि खाली – स्नेहल. हां. माजिदा म्हणजे मीच. नुसतं माजिदा. दुकानाचं नाव नाही, आडनाव नाही, जशी काही अख्ख्या नाशकात एकच माजिदा आहे. असंच लिहिते ती. वाचणाऱ्याला वाटतं, किती मानते ही.

तर तुम्ही देवळ्याचे. शाळेत गणित. आणि याच्यावर दहावीच्या पोरांचे सरावाचे पेपर ठेवायचे, पोरं मोबाइलवर उघडणार – मग हा चोवीस तास चालू पाहिजे, इंटरनेटला जोडलेला पाहिजे, आणि तुमच्याकडं लाइटचा भरवसा नाही. म्हणून अंबडला. बरोबर आहे. स्नेहल तिच्या तिथल्या शेडमध्ये जोडून ठेवणार, गार ठेवणार, आणि तुम्ही देवळ्यात बसून त्याच्यावर काय हवं ते चढवणार. मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर असतात तसाच, फक्त हा तुमचा, जुना, फुटका. लोक काय म्हणतात माहितीये – आमचा लॅपटॉप अंबडला नोकरीला लागला. हसून सांगतात इथं येऊन. मीपण हसते.

पालथा करू द्या, स्क्रू काढते. बोलता बोलता होईल.

तिला ओळखते का विचारताय? अकरा वर्षं सर. एकाच सर्व्हिस सेंटरला लागलो दोघी, एकाच महिन्यात. तिथं बायकांना काउंटरवर बसवायचे, पावत्या फाडायला – आम्ही दोघी हट्टानं आत गेलो, सोल्डरिंग शिकलो, मग दोघींनी मिळून हे दुकान टाकलं. तिकडं प्रिंटर ठेवलेत ना, तिथं तिचं टेबल होतं. माझ्या डब्यातलं ती खायची, तिच्या डब्यातलं मी. रमजानमध्ये ती माझ्यासमोर चहा घ्यायची नाही, बाहेर जाऊन प्यायची – मी म्हणायचे, अगं पी ना इथंच, मला काही होत नाही – तरी जायची. अशी आहे ती. वाईट नाहीये. वाईट असती तर बरं झालं असतं.

आणि हे जे आहे ना अंबडचं, हे सगळं सुरू कुठं झालं – इथं. त्या वरच्या फळीवर. माझ्याच लॅपटॉपची स्क्रीन गेली होती, टाकवेना मला, म्हणून मी त्याच्यावर दुकानाची यादी चढवली – कुणाचं मशीन झालं, कुणाचं बाकी – गिऱ्हाइकानं घरबसल्या मोबाइलवर बघावं. दोन वर्षं चालला तो, एकदा बंद पडला नाही. लाइट गेली तरी चालू, कारण बॅटरी पोटातच. वीज किती खातो – एखाद्या बल्बएवढी. मी केलं ते. मग एक दिवस स्नेहल त्याच्याकडं बघत बसली, बघत बसली, आणि म्हणाली, “माजिदा, लोकांच्या माळ्यावर असे किती पडले असतील गं? सगळे एका जागी आणून चालवले तर?” झालं. आता कल्पना कुणाची, सांगा. मशीन माझं. वाक्य तिचं. आणि जग वाक्य लक्षात ठेवतं.

ती शेड बघितली नाहीत ना अजून? जाल तेव्हा बघा. मी अशा ठिकाणी लोखंडी कपाटं आणली असती. हिनं काय केलं – देवळ्याहून सुतार आणला आणि लाकडी पट्ट्यांची, कांदे साठवतात तशी कांदाचाळ उभी केली. कांद्याला खालून हवा लागते तशी मशीनला लागते, म्हणाली. लॅपटॉप वह्यांसारखे उभे, मधे चार बोटं जागा, खालून गार हवा येते, वरून गरम निघून जाते. तुम्ही त्याच भागातले, तुम्हाला यात नवल वाटणार नाही. मला वाटलं. मी त्या दारातच उभी राहिले – हे माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. चाळीचं तेवढं तिचंच, ते मी मान्य करते. अडीचशे लॅपटॉप आहेत आता. प्रत्येकावर मालकाच्या नावाची चिठ्ठी, बारीक हिरवे दिवे. पेपरात फोटो आला तिचा. आणि खाली लिहिलेलं, ‘ही विद्या मी माजिदाकडून शिकले.’ ते वाचून तर मी पेपर घडी करून स्टोव्हखाली घातला. शिव्या दिल्या असत्या तर कापून ठेवला असता.

मी का नाही गेले तिच्याबरोबर – सगळे हेच विचारतात. मी सांगते, रियाजनं नको म्हटलं. रियाज माझे मिस्टर, तेपण अंबडलाच कारखान्यात आहेत, लेथवर टर्नर. सांगायला सोपं पडतं ना, नवऱ्यानं नको म्हटलं – लोक लगेच मान हलवतात, मुसलमान घर म्हटल्यावर तर जास्तच – आणि ते बिचारे काय म्हणाले होते माहितीये? “जा की. माझ्याबरोबर गाडीवर येशील रोज, डबा एकत्र खाऊ.” ते खूश झाले होते सर. नको मी म्हटलं. स्नेहल इथं बसली होती, तुम्ही बसलात तिथंच. म्हणाली, “पाटीवर दोघींची नावं. तुझं आधी.” आणि मी तिला म्हटलं, “लोकांचा कचरा सांभाळायला मी येणार नाही, तुला हौस आहे तर तू जा.” कचरा म्हटलं मी. माझाच लॅपटॉप वर फळीवर चालू होता तेव्हा. का म्हटलं – मला वाटलं, ही पडेल तोंडावर. सहा महिन्यांत परत येईल, टेबल पुसून ठेवते. खरंच पुसत होते, रोज. मग एक दिवस प्रिंटर ठेवले.

थांबा. हे बघा. नाही, इकडून, असं आडवं धरून बघा – टचपॅड जरासा वर आलाय ना? दिसत नाही म्हणता, बोट फिरवा. जाणवलं? आतली बॅटरी फुगायला लागलीय. पोट आलंय तिला. घाबरू नका, काढतेच आहे मी, त्याच्यासाठीच तर तुम्हाला पाठवलंय. सतत चार्जिंगला लावून ठेवली, त्यात उन्हाळा – की फुगते. थोडी फुगली असताना दिसत नाही, हाताला सवय लागते. ही सवय नाशकात फार लोकांना नाहीये. मला आहे.

मला आहे म्हणून तर…

पट्टी द्या ती प्लास्टिकची. हळूच उचलावी लागते, टोचली तर पेट घेते.

मार्चमध्ये एक आला होता असाच. दातांच्या डॉक्टरचा. तेव्हा बॅटरी काढायची पद्धत नव्हती, उलट बॅटरी पाहिजेच असायची, लाइट गेली तर तीच सांभाळायची ना. अंबडला जाणारं मशीन तेव्हाही माझ्याकडूनच जायचं, मी फक्त तपासून चिठ्ठी लावायची – ‘ठीक’, आणि खाली सही. मी त्याच्या टचपॅडवर बोट फिरवलं. आणि मला कळलं. इतकं कळलं जितकं आत्ता तुमचं कळलं. आणि मी चिठ्ठी लिहिली, ‘ठीक’. सही केली. माझ्याच हातानं पिशवीत घातला.

जळावं असं नव्हतं मनात, आईशपथ. मग काय होतं – मला वाटलं, चारआठ दिवसांत ती फुगेल, झाकण उचलेल, स्नेहलला दिसेल, आणि ती घाबरून मला फोन करेल. माजिदा, काय करू. एवढंच ऐकायचं होतं मला. दोन वर्षांत तिनं एकदाही विचारलं नव्हतं काही. ईदला यायची, पोरांची चौकशी करायची, पण कामाचं – काही अडतच नव्हतं तिचं. एकदा अडावं, मी जावं, मी दुरुस्त करावं, तिच्याकडं कामाला असलेल्या पोरींनी बघावं ही कोण आहे. बस.

फोन आलाच नाही. मे उजाडला. शुक्रवारची दुपार, रियाज त्यांच्या कंपनीतून धावत गेले, धूर दिसला म्हणून. तिसऱ्या रांगेतला तोच, डॉक्टरचा लॅपटॉप पेटला होता. पोरी बाहेर पळाल्या, आणि ही आत गेली. कशाला, तर आजूबाजूचे वाचवायला – लोकांचे आहेत म्हणे. हातानं ओढला तो, नुसत्या हातानं, आणि वाळूच्या बादलीत नेऊन टाकला. तीन मशीन गेली, बाकी सगळी वाचली. उजवा तळहात पार भाजला. दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत तिची, आणि स्क्रू धरायला तीच लागतात. आता ती दुसऱ्याकडून उघडून घेते.

कळलं असेल का तिला? मला रोज हेच. कळलंच असेल. मशीन अर्धंच जळलं होतं, चिठ्ठी वरच्या बाजूला होती, रियाजनं बघितली ती शाबूत – घरी येऊन मला म्हणाले, तुझी सही होती त्याच्यावर. मग जेवले आणि झोपले. आणि ती – पंधरा दिवसांनी आली इथं, हाताला पट्टी. मी सगळं ठरवून बसले होते, ती काय बोलेल, मी काय बोलेन. चहा घेतला तिनं. डाव्या हातानं. म्हणाली, “आता सगळ्यांच्या बॅटऱ्या काढून टाकू, लाइट गेल्यावर चालायला एकच मोठा बॅकअप घेते. काढायचं काम तू करशील का? तुझ्या हाताइतका भरवसा मला कुणाचा नाही.” माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते.

निघाली ही बॅटरी. बघा, कशी उशीसारखी झालीय. हात लावू नका, मी वाळूत ठेवते.

हे तुम्हाला का सांगतेय कळत नाहीये सर, आजपर्यंत रियाजला धड सांगितलं नाही. पण एक ऐका आणि मग घेऊन जा. त्या आगीनंतर तिनं सगळ्या मालकांना मेसेज केला. अडीचशे जणांना. माझ्याच गिऱ्हाइकानं मला दाखवला, इथं उभं राहून. ‘मशीन ठेवून घेताना मी स्वतः तपासायला हवं होतं, तपासलं नाही. चूक पूर्णपणे माझी आहे.’ लोकांनी काय लिहिलं माहितीये खाली? अशी माणसं राहिली नाहीत. ताई, हाताला जपा. एकानंही मशीन परत नेलं नाही, उलट वाढली. शेड तिनं उभी केली, नाव तिचं झालं, हात तिचा भाजला – आणि चूक माझी होती सर, ती एक तरी माझी होती. तीसुद्धा तिनं घेतली.

झालं तुमचं. सगळे स्क्रू परत बसवलेत, एक जास्तीचा घातलाय, तुमचा हरवलेला होता. ही चिठ्ठी. वाचून बघा – बॅटरी फुगलेली होती, काढली. सही.

नाही, पाणी नको मला. तुम्ही निघा आता.