बापाचा बी केसपेपर लागतो

...आणि वर मलाच म्हणत्यात, "लालासाब, दवाखान्यात हलगी कशाला नेलीस?" आता ह्यो काय प्रश्न झाला व्हय? ह्या कोल्हापुरात पोरगं कुस्तीला निघालं तर आख्खी तालीम मागनं जाती का न्हाय? मग माझी जरीना मुलाखतीला निघाली तर तिनं एकटीनं जायाचं? माझीच पोरगी हो, तुम्हास्नी सांगतो!

माझं शिलाईचं दुकान. तालमीतल्या समद्या पैलवानांचे लंगोट मीच शिवतो. आमच्या घराण्यात औषध खाल्लं समद्यांनी, पण शिकलं कुणी न्हाय! आणि ही फार्मसी पास! आता मोठ्या दवाखान्यात वर्षभर हाताखाली शिकायचं, मग गडी पक्का. तीन ठिकाणी अर्ज टाकले. पुण्याचा साहेब नाकातनं बोलतोय, "मुलगीऽऽ? रात्रपाळी कशी करणार?" मिरजेचा इचारतोय, "लग्न कधी?" अरे बाबा, अठ्ठ्याहत्तर साल उजाडलं, आणि तू औषधं वाटतोस का अक्षता?

उरला आपल्या गावचा दवाखाना. आणि इकडं माझा मेव्हणा अमीन कागलास्नं येऊन ठाण मांडून बसलेला. "दाजी, आता न्हाय झालं तर जरीना माझ्या पुतण्याला द्यायची. शब्द दिलायसा." दिलता की! त्या दिवशी माझ्या जिभेला हाड न्हवतं. पोरीनं काय आदळआपट केली न्हाय, पण ताटावरनं अर्धपोटी उठाय लागली... ते बघवत न्हवतं.

म्हणून आमच्या तालमीचा वस्ताद हंबीरराव, त्यानं फर्मान काढलं, "पोरगी गल्लीची हाय, समद्यांनी जायाचं!" पैलवान काय, फेटे काय, हलगी काय... फाटकातच नर्स धावत आली, "अहो, आत पेशंट आहेत!" हलगी थांबली, जरीना एकटीच आत मुलाखतीला गेली. पण माझं डोस्कं? निम्मं भीतीनं, निम्मं हलगीनं, असं ठणकाया लागलं की इचारू नका!

आणि बघतो तर काय, औषधाच्या खिडकीत जरीना! अंगात पांढरा कोट, मागं एक टकला साहेब. मला वाटलं, लागली की नोकरी! आता आपलीच खिडकी! लाईन बाजूला सारली, मुंडकं आत घातलं, "जरे, डोस्क्याची गोळी टाक. आणि हंबीररावाला गुडघ्याच्या दे मूठभर!"

ती म्हणती, "केसपेपर?"

"अगं, मी तुझा बाप!"

"बापाचा बी केसपेपर लागतो. आधी डॉक्टरला दाखवून या. सरा मागं... पुढं कोण हाय?"

समद्या तालमीसमोर! मागनं हंबीरराव ओरडतोय, "दे की गं, घरचंच हाय!" तर त्याला म्हणती, "काका, भाकरी असती तर दिली असती. हे औषध हाय." आवाज कापत हुता हो तिचा. पण गोळी न्हाय दिली ती न्हायच दिली! माझीच पोरगी!

मी जाऊन पायरीवर बसलो. मनात म्हणलं, संपलं. साहेबासमोर आपणच शोभा केली. शेजारी अमीन, त्यो बी मागनं आलता, गालातल्या गालात हसतोय, "दाजी, मंगनी कधी धरायची?"

तेवढ्यात टकला साहेब भाईर. "चिठ्ठीशिवाय औषध मागणारे ते गृहस्थ कोण?"

उठलो. फेटा हातात घेतला. "मीच, साहेब. बाप तिचा."

"अहो, परीक्षा म्हणून तिला खिडकीत बसवलं होतं, आणि आम्ही आमच्या शिपायाला बिनचिठ्ठीचा पाठवणार होतो. त्याच्या आधी तुम्हीच आलात! शिपायाला कुणीही नाही म्हणेल, ही बापाला नाही म्हणाली. मुलगी आम्हाला पसंत आहे."

रडलो हो मी, भर दवाखान्यात! अमीनला म्हणलं, "उठा पावणं, कागलची गाडी चुकंल!"

आता परवा खोकला झालता म्हणून गेलतो. शहाण्यावानी डॉक्टरला दाखवलं, केसपेपर केला, चिठ्ठी घेतली, लाईनीत उभा ऱ्हायलो. छाती फुगवून चिठ्ठी आत सरकवली, "घ्या बाईसाहेब!" तिनं वाचली. हसली बी. आणि काय म्हणावं?

"अब्बा, ही बायकांची लाईन हाय. पुरुषांची पल्याड."

तरीच म्हणलं, मघापासनं समद्या बायका माझ्याकडं का बघाय लागल्यात! मग काय... गेलो गुमान पल्याड, शेवटाला.