न सांगता बसलेले फटके

सभेच्या अध्यक्षा रोटराउटबाई, व्यासपीठावर विराजमान नगराध्यक्ष, आमच्या या डोंगरमाथ्यावरच्या ग्लायडर मंडळाचे सभासद, पहिल्या रांगेत बसलेली माझी आई, आणि अडतीस वर्षं उडायला शिकवून आज निवृत्त होणारे वेन्डेलिनकाका, सर्वांना नमस्कार.

या सत्कारमूर्तींचा मी मनापासून द्वेष केला, हे आधीच सांगून टाकते. हसू नका, बिअर सांडेल.

जमिनीवरचं यंत्र दोर ओढतं, बिनइंजिनाचं ग्लायडर नाक वर करून चढतं. दोर तुटला, की तत्क्षणी दांडा पुढे ढकलून नाक खाली घालायचं. नाहीतर वेग संपतो आणि माणूस धोंड्यासारखा पडतो. धडा एवढाच. पण काका तो शिकवायचे कसा? मागच्या सीटवरून, न सांगता, पिवळी मूठ ओढून दोर सोडून द्यायचे. मी गांगरले की फाडकन मानेवर! "मेलीस, इर्मेला! परत मेलीस!" एकदा दात जिभेत रुतून रक्ताची धार लागली.

"जनावर आहात तुम्ही!" मी ओरडले.

"असेन. बस परत."

पहिल्या एकट्या उड्डाणानंतर आपल्याकडे काय होतं, ते तुम्ही जाणताच. उडून आलेल्याच्या हातात काटेरी झुडपांचा गुच्छ देतात, आणि अख्खं मंडळ रांगेनं ढुंगणावर फटके मारतं. या शब्दाबद्दल नगराध्यक्षांनी क्षमा करावी. एकोणतीस जणांनी मारले, पण काकांच्या फटक्यानं आठवडाभर बसता येईना.

पुढच्याच रविवारी, सत्तर मीटरवर, धाडकन दोर तुटला. समोर नुसतं आभाळ, मागची सीट रिकामी. तरी फटका बसणार म्हणून माझी मान आखडली आणि हात पुढे गेला. जमीन अंगावर आली, चाक आपटलं, काच फुटली, कपाळ फुटलं. पण मी जिवंत होते!

धावत आलेले काका गवतात बसून ओकत होते. "तुझ्या बापाला शिकवताना मी दर वेळी आधी सांगायचो," ते म्हणाले. "'गेरोल्ड, आता सोडतो हं.' जिवलग दोस्त ना माझा! दर वेळी अचूक करायचा. खरा तुटला, तेव्हा सांगायला कोणी नव्हतं."

बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. आई त्या दिवसापासून, म्हणजे सव्वीस वर्षं, काकांशी बोललेली नाही. काका गवतात बसून जे बोलले, ते मी तिला काल सांगितलं.

काका, उठा, आज पाळी तुमची. गुच्छ तयार आहे, रांगही लागली आहे. पहिल्या फटक्याचा मान आईनं स्वतः मागून घेतला आहे.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला.

आई, ये. आणि त्यांना आधी सांगू नकोस.