एक वायर सुटी

सासू : अगं, पण ही स्पीकरची लाल वायर कुठे खुपसायची? इथं तर नुसती भोकंच भोकं आहेत.

सून : आई, थांबा! लाल लालमध्ये, काळी काळ्यामध्ये. खटका दाबायचा, वायर आत घालायची, खटका सोडायचा.

सासू : एवढंच? आणि यासाठी दोघं बापलेक रविवारपासून एकमेकांशी बोलत नाहीत?

सून : भांडण स्पीकरवरून नव्हतं. सेटटॉप बॉक्सची वायर टीव्हीत जाते की या ॲम्प्लिफायरमध्ये, त्यावरून होतं.

सासू : कशाची वायर आणि कशाचं काय! तुझ्या आईवडिलांसमोर तो ह्यांना म्हणाला, ‘बाबा, तुम्हाला यातलं काही कळत नाही, बाजूला व्हा.’ हे बाजूला झाले ते थेट आतल्या खोलीत.

सून : बाबाही काही कमी बोलले नाहीत. ‘इंजिनिअर म्हणे! साधा पिक्चर लावता येत नाही.’ माझ्या वडिलांनी हसू लपवायला पाण्याचा पेला तोंडाला लावला. रिकामा होता.

सासू : दोघंही नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. ह्यांचं ताट आत, त्याचं बाहेर. काल हे मला सांगतात, ‘त्याला म्हणावं, मीठ दे.’ तो समोर उभा! वैताग आलाय मला. आणि खरं सांगू? माझ्या घशाखाली घास उतरत नाही गं.

सून : म्हणून तर दोघं घरी यायच्या आत जोडून टाकू. हे बघा, ॲम्प्लिफायरच्या मागे ‘इन’ आणि ‘आउट’. त्यांनी काय केलंय माहितीये? बॉक्सची वायर ‘आउट’मध्ये आणि टीव्हीची ‘इन’मध्ये.

सासू : म्हणजे पाणी टाकीत चढवायचं ते खालच्या तोटीतून, आणि नळाला धार का नाही म्हणून एकमेकांच्या उरावर बसायचं.

सून : अगदी! बॉक्समधून ॲम्प्लिफायरच्या आत, तिथून बाहेर टीव्हीत. चित्र पुढे जातं आणि आवाज हा ॲम्प्लिफायर स्पीकरांना वाटून देतो.

सासू : आणि हा काळा ठोकळा? यावर बसून तर ह्यांनी पायमोजे घातले.

सून : आई! तो सबवूफर आहे. ढम्म आवाज त्यातून येतो.

सासू : बिचारा. जोड त्यालाही. आता लाव.

सून : रिमोटवर आधी सोर्स निवडायचा... हा. लागलं!

सासू : अगं बाई! माझ्या मागे कोण बोललं?

सून : मागचा स्पीकर.

सासू : मेला, कानातच ओरडला. बंद कर. आणि आता एक वायर काढ.

सून : काय?

सासू : बायकांनी दुपारभरात जोडलं हे कळलं, तर दोघंही आत जाऊन बसतील. मग दोन्ही ताटं आत. एकट्याला जमणार नाही अशी काढ.

सून : मग मागच्या स्पीकरची. कपाटामागे हात जेमतेम जातो. टॉर्च धरायला दुसरा माणूस लागणारच.

सासू : तीच काढ. ह्यांना मी सांगते, पोरानं जोडलंय, पण मागचा स्पीकर मुका आहे. तू नवऱ्याला सांग, बाबांनी जोडलंय.

सून : आई, तुम्ही फार पोचलेल्या आहात.

सासू : संसार केलाय बाई. त्याच्यासोबत माहितीपुस्तिका आली नव्हती.

(संध्याकाळ. सासू आणि सून स्वयंपाकघराच्या दाराआड. सासरे आणि मुलगा बाहेरच्या खोलीत, कपाटापाशी.)

सासरे : बरं जोडलंयस.

मुलगा : मी? मला वाटलं तुम्ही.

सून : आई, झाला घोटाळा!

सासू : श्श.

सासरे : मी तर हातही लावला नाही.

मुलगा : म्हणजे मग... आईनं?

सासरे : हळू बोल. टॉर्च धर. तिकडे कुठे, माझ्या हातावर धर. हां. आपण दोघांनीच जोडलं म्हणायचं, काय?

मुलगा : चालेल, बाबा.

सून : ऐकलंत? सगळं श्रेय लाटून बसले!

सासू : लाटू दे. तू ताटं घे. चारही बाहेरच मांड.