घड्याळ कुठे ठेवायचं

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर दोन बहिणी औषधाचे थेंब घालून बसल्या होत्या. डोळे मिटलेले होते, तोंडं मात्र मोकळी होती.

"ताई, त्या तुझ्या समुपदेशक बाई सांगतात तरी काय?"

"सांगत काहीच नाहीत गं, विचारतात. तास संपला की म्हणतात, 'आज माझं काही चुकलं का?'"

"अगं बाई! आणि तू काय म्हणतेस?"

"पहिल्यांदा म्हटलं, छे छे. दुसऱ्यांदा सांगून टाकलं, मी रडत असताना तुम्ही घड्याळाकडे बघत होतात."

"तोंडावर?"

"तोंडावर! तर त्यांनी चक्क माफी मागितली. म्हणाल्या, घड्याळ कुठे ठेवायचं ते आपण दोघी मिळून ठरवू. आता ते माझ्यासमोर असतं. वेळ संपली की मीच सांगते."

"म्हणजे त्यांचं कामही तूच करायचं!"

"हो ना. पण इतकं बरं वाटलं, की घरी जाऊन सुनेला विचारलं, माझं काही चुकतं का गं?"

"तू? विचारलंस?"

"विचारलं. ती म्हणाली, 'आई, तुम्हाला बरं नाहीये का?' मग तिनं गॅस बंद केला, हात पुसले आणि खुर्ची ओढून बसली."

"किती वेळ?"

"पहिल्या दिवशी दीड तास."

"पहिल्या दिवशी?"

"उद्या चौथा."

"मग घरचं घड्याळ कुणासमोर ठेवलंयस?"

"उतरवून कपाटात टाकलंय. सात वर्षांनी बोलायला लागलीये गं ती."