डॅशबोर्ड, सासरे आणि अकरा स्क्रू

...आणि वर मला म्हणतात काय, "कंपनीवाले उगाच जास्तीचे लावतात!" अकरा! अकरा स्क्रू उरले होते हो! दोन नाही, तीन नाही, अकरा! माझ्या नव्या कोऱ्या गाडीचे! सीटवर वर्तमानपत्र पसरून त्यावर ओळीनं मांडलेले, डॅशबोर्ड केव्हाच बंद करून झालेला, आणि आमचे सासरेबुवा फडक्याला हात पुसत मला सांगताहेत, कंपनीवाले उगाच जास्तीचे लावतात. मी तोंड उघडलं. नुसतं उघडलं हं, शब्द अजून बाहेर पडायचा होता, तोच मागून बायको कानाशी, "कर्टिस, बाबांना काही बोलू नकोस हं!"

मिटलं तोंड. काय करता?

नाही पण तुम्हीच सांगा, माझं चुकलं काय? मी गुरांचं खाद्य विकतो. मोंटानात एका रँचवरून दुसऱ्या रँचवर जायचं म्हणजे मधे चाळीस मैल नुसतं गवत, मग एक कुंपण, मग पुन्हा गवत. दिवसाला दोनशे मैल होतात. आणि रेडिओ? गाव सोडलं की बाराव्या मैलाला खर्रर्र... मधेच एक स्टेशन लागतं, त्यावर गव्हाचे भाव. भाव संपले की प्रवचन. प्रवचन संपलं की पुन्हा गव्हाचे भाव! मी गाडीत एकटा बोलायला लागलो होतो हो! प्रश्न मीच विचारायचे, उत्तरं मीच द्यायची, आणि एकदा तर उत्तर पटलं नाही म्हणून मी चिडलो.

तेव्हा मार्लिसनं, म्हणजे बायकोनं, वाढदिवसाला सॅटेलाइट रेडिओ आणला. थेट आकाशातून गाणी! शंभर-दीडशे स्टेशनं, कुठेही जा, खरखर नाही. झकास! फक्त बसवायचा. आता, गाडीत मुळात कंपनीनं दिलेला रेडिओ असतो ना, तो काय साधा असतो? त्यातच घड्याळ, त्यातच हीटरची बटणं, सगळं एका पोटात. काढून फेकून द्यायची सोय नाही. आणि बाहेरची वायर जोडावी तर तिला भोकच नाही! मग काय करायचं, तर काडेपेटीएवढी एक डबी रेडिओच्या पाठीमागे अँटेनाच्या वायरीत घालायची. ती डबी आकाशातलं गाणं एका रिकाम्या स्टेशनवर सोडते, आणि आतल्या रेडिओला वाटतं, आपण नेहमीसारखं स्टेशनच पकडलंय. फसवणूक हो सरळ! पण त्यासाठी सगळा डॅशबोर्ड उचकटायचा. बिलिंग्जला एक दुकान आहे, ते लोक तासाभरात बसवून देतात. मी फोन उचललासुद्धा...

आणि कोपऱ्यातून आवाज आला, "मी बसवतो."

सगळं घर वळून बघायला लागलं.

का सांगतो. हे हॅल्वर, माझे सासरे. जातिवंत नॉर्वेजियन म्हातारा, त्यामुळे तसेही बोलायला कंजूष. घराला आग लागली तर म्हणतील, "जरा उकडतंय." चाळीस वर्षं गावातले वायरमन. शाळा म्हणू नका, चर्च म्हणू नका, सगळ्या वायरी यांनी ओढलेल्या. आणि ऑक्टोबरात आमच्या सासूबाई गेल्या. इंगा. तेव्हापासून म्हाताऱ्याचं बोलणंच बंद. नुसतं "हं". जेवणार का? हं. थंडी वाजते का? हं. मी तर तिन्ही प्रकारचे 'हं' ओळखायला शिकलो होतो. सात महिने! आणि त्या दिवशी एकदम दोन शब्द, "मी बसवतो." मार्लिस मला स्वयंपाकघरात ओढत घेऊन गेली, डोळ्यांत पाणी, म्हणाली, "सात महिन्यांत आपणहून काही करतो म्हणालेत का ते? आज म्हणाले. गाडीचं काय व्हायचं ते होऊ दे, पण बाबांना काही बोलू नकोस हं!"

गाडीचं काय व्हायचं ते होऊ दे! गाडी कोणाची? माझी!

शनिवारी सकाळी सातला हजर. हातात हत्यारांची पेटी, तिचं वय माझ्यापेक्षा जास्त. गाडी घेतली गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये. माहितीपुस्तक होतं चौसष्ट पानांचं. मी अदबीनं पुढे केलं. त्यांनी घेतलं, पाहिलं, जमिनीवर ठेवलं आणि त्यावर गुडघा टेकला. "हं," म्हणाले, "बरं झालं, फरशी गार आहे."

मग डॅशबोर्डची पट्टी उचकटायची. तिला म्हणे खास प्लॅस्टिकचं हत्यार मिळतं, चरा पडत नाही. यांनी पेटीतून काय काढावं? लेफ्सं उलटायची काठी! बटाट्याची ती पातळ पोळी असते ना आमच्याकडे, नाताळात करतात, ती उलटायला लांब चपटी लाकडी पट्टी असते. सासूबाईंची. मुठीपाशी फुलं रंगवलेली. ती घातली माझ्या डॅशबोर्डच्या फटीत आणि... कट्! पुन्हा कट्! "काही तुटलं का हो?" मी विचारलं. त्यांनी काठी उजेडात धरली, उलटसुलट करून नीट पाहिली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "नाही. काठी शाबूत आहे."

काठी शाबूत आहे! मी कशाबद्दल विचारत होतो?

तरी रेडिओ निघाला. हे मान्य करायला हवं, हात म्हणजे काय हात! वायरींचा तो गुंता, मला तर नूडल्सच वाटल्या, हे एकेक बोटानं बाजूला करताहेत, गाईच्या कासेला हात लावावा इतक्या हळुवारपणे. डबी बसवली. गाडीच्या छपरावर चुंबकाची अँटेना चिकटवली. काम करताना बॅटरीची वायर काढली होती, ती परत जोडली. आणि गाडीचा मूळचा रेडिओ म्हणाला, "कोड."

कोणता कोड? बॅटरी काढली की या रेडिओला वाटतं आपल्याला चोरांनी पळवलं! मग चार आकडी कोड दिल्याशिवाय तो कोणाशी बोलत नाही. मला माहीत नाही. माझ्या गाडीचा कोड मला माहीत नाही! सासरेबुवा शांतपणे बटणं दाबू लागले. स्वतःचं जन्मसाल. नाही. इंगाचं जन्मसाल. नाही. मग म्हणाले, "मोठं हिमवादळ झालं ते साल." अहो, रेडिओला तुमचं हिमवादळ कसं माहीत असणार? तीनदा चुकलं, आणि त्यानं दार लावून घेतलं, तासभर हात लावायचा नाही! शेवटी मी गाडी विकणाऱ्याला फोन केला. तिकडची बाई म्हणते, "रेडिओच्या वरच्या बाजूला नंबर असेल, पण तो पाहायला डॅशबोर्ड उघडावा लागतो, सर, ते अवघड असतं." म्हटलं बाई, त्याची काळजी करू नका. तो उघडाच आहे! आमचा डॅशबोर्ड आता सहा महिने बंद होणार नाही!

कोड मिळाला. घड्याळ लागलं, हीटर लागला. पण आकाशातला रेडिओ? त्याच्या छोट्या पडद्यावर एकच ओळ: सिग्नल शोधत आहे. शोधत आहे... शोधत आहे... आणि सापडत काही नाही.

शनिवारची संध्याकाळ होईपर्यंत त्यांनी सगळं तपासून डॅशबोर्ड बंद केला. चार स्क्रू उरले. रविवारी चर्चमधून आलो, कोट काढला, पुन्हा उघडलं. सात उरले. वायर तपासली, डबी तपासली, अँटेना पुसली. म्हातारा कपाळावर आठ्या घालून बसलेला. मला म्हणाले, "कर्टिस, पूर्वी मला तारेवर बोट ठेवलं की कळायचं." एवढंच म्हणाले. आणि काठी घेऊन तसेच बसून राहिले गाडीत, दोन्ही पाय बाहेर. आता खरं सांगतो, त्या क्षणी मला गाडीचं काही वाटेनासं झालं. वाटलं, गेला खड्ड्यात रेडिओ, पण या माणसाला असं घरी पाठवायचं कसं? सोमवारपासून पुन्हा सात महिने 'हं' ऐकायचे? मी म्हटलं, "हॅल्वर, एकदा पुन्हा उघडू या." मीच म्हटलं! माझ्या तोंडानं!

तिसऱ्यांदा उघडलं. तिसऱ्यांदा बंद केलं. अकरा स्क्रू. तेच ते, जास्तीचे. पडद्यावर तीच ओळ. आणि मघाशी सांगितलं तसं मी तोंड उघडलं आणि मार्लिस म्हणाली, बाबांना काही बोलू नकोस हं. पण म्हणता म्हणता तिची नजर जमिनीवर गेली. ते पुस्तक! म्हाताऱ्याचा गुडघा निघाला होता त्यावरून, पान उघडं. तिनं वाचलं. मग हळूच वर पाहिलं. छपराकडे. मीही पाहिलं.

पत्रा! अहो, पत्रा! डोक्यावर अख्खं पत्र्याचं छप्पर! आकाशातून रेडिओ यायचा, आणि आम्ही दोन शहाणे दोन दिवस पत्र्याखाली बसून त्याची वाट बघतोय! एक चाळीस वर्षं मुरलेला वायरमन आणि एक मी!

मी मार्लिसकडे पाहिलं. नजरेनंच म्हटलं, बोल ना आता! सांग तुझ्या बाबांना! तिनं ओठ चावला. हसू दाबताना नाकातून आवाज आला, तो खोकल्यात घातला. मग म्हणते कशी, अगदी साखर घोळून, "बाबा, कॉफी बाहेर मांडलीय, ऊन छान पडलंय. आणि गाडीही जरा बाहेर घ्या ना, इथे अंधारात तुम्हाला दिसत नसेल."

घेतली बाहेर. पुढची चाकं उन्हात, मागची चाकं उन्हात, आणि... अकॉर्डियन! असा खणखणीत वाजला की कोंबड्या पळाल्या! जुन्या नाचांच्या गाण्यांचं स्टेशन होतं, वॉल्ट्झ चाललेला. मी स्टेशन बदलायला हात पुढे केला, आणि पाहतो तर म्हातारा हललाच नाही. बोट तेवढं काठीवर ताल धरतंय. आणि मग बोलायला लागला. कोणाला विचारलं नाही, काही नाही, आपणहून! "याच्यावर नाचलो होतो आम्ही, शेतकऱ्यांच्या ग्रेंज हॉलमध्ये. तिथली वायरिंग माझी. मी शिडीवर होतो, खालून इंगा म्हणाली, दिवे राहू देत, आधी खाली या. पाय तुडवला मी तिचा. दोनदा." मार्लिस कॉफीची किटली घेऊन तशीच उभी. कॉफी थंड झाली, कोणी घेतली नाही. म्हातारा दोन तास बोलत होता. शेवटी वर आकाशाकडे पाहिलं, मागे शेडच्या छपराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "पत्रा होता, नाही?"

मी म्हटलं, "हं."

संपलं? कसलं संपतंय! सोमवारी सकाळी सहाला मी गाडीचं दार उघडतो तर शेजारच्या सीटवर हॅल्वर. मांडीवर थर्मास, पट्टा लावलेला. "वायरीचा सांधा नीट बसलाय का, ते चालत्या गाडीत बघायला हवं." बघा म्हटलं. मंगळवारीही बघितलं. बुधवारीही बघितलं. आता सप्टेंबर आलाय, अजून सांधा बघणं चालू आहे! दीडशे स्टेशनं आहेत हो त्यात. क्रिकेटसुद्धा असेल कुठेतरी! पण आमच्या गाडीत एकच. दोनशे मैल अकॉर्डियन. आणि पंचावन्नच्या वर वेग गेला की डॅशबोर्ड खुळखुळतो, तर म्हणतात, "तालात आहे." आणि गप्प बसणं तर विसराच! कोणत्या रँचवर कोणती वायर कधी ओढली, हे मला आता पाठ आहे.

रँचवर पोचलो की हे उतरतात, आधी विजेच्या कुंपणाचं यंत्र बघतात, दुरुस्त करतात, मग म्हणतात, "खाद्य किती टाकायचं?" आणि लोक सांगतात! जास्त सांगतात! परवा व्हर्ना स्टोर्लीकडे गेलो. तिला मी नऊ वर्षं खाद्य विकतोय. नऊ वर्षं! बाई धावत अंगणात आली, हॅल्वरचा हात धरून त्यांना ओसरीवर बसवलं, रुबार्बच्या आंबटगोड पाईचा तुकडा कापला, कप भरला, आणि मग माझ्याकडे बोट दाखवून विचारते, "हॅल्वर, तुमचा ड्रायव्हर घेणार का थोडी कॉफी?"

घेईन म्हटलं. बिनसाखरेची.